एन्कहाउझनच्या धुक्यात घातलेलं गाऱ्हाणं

मंडळी, भुताखेतांना माझ्या घरात कधी जागा नव्हती, हे आधी लिहून ठेवते. यात विज्ञाननिष्ठा वगैरे काही नाही. मला वेळच नव्हता. डबे, शाळा, सासूबाईंची औषधं, मग देशच बदलला... ज्या बाईला आयुष्यात सलग दुपारची झोप मिळाली नाही, तिला भूत भेटणार तरी कधी? इथले तुमचे सगळे अनुभव मी वाचते. चकवा, हडळ, सोसायटीच्या लिफ्टमधली बाई — सगळं. आणि खोटं कशाला बोलू, नवऱ्याला ते आवाज काढून, डोळे फिरवून वाचून दाखवते. त्या लिफ्टवाल्या बाईला तर मी असा काही आवाज दिला होता की शेजारच्या सुरिनामी आजी दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारून गेल्या. तेव्हा आज तुम्ही मला हसलात तर तो तुमचा हक्कच आहे. फक्त पूर्ण वाचून हसा.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. आम्ही अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला राहतो. नवरा झुइडासच्या एका काचेच्या टॉवरात बसून कॉम्प्युटरशी भांडतो. मी इथे आले ती व्हिसावर ‘डिपेंडंट’ असा शिक्का घेऊन, आणि आता एका शाळेत दुपारच्या सुट्टीत मुलं सांभाळते. माझं डच व्याकरणाच्या पलीकडचं आहे, पण माझा आवाज — तो अस्सल वेंगुर्ल्याचा आहे. मैदानाच्या या टोकाला मी तोंड उघडलं की त्या टोकाची पोरं झाडावरून उतरतात.

हा आवाज आमच्या घराण्यातच आहे. माझा थोरला भाऊ, दादा, जन्मभर एसटीत कंट्रोलर होता. गाड्या लागल्याचं तो जे पुकारायचा, ते ऐकून झोपलेले प्रवासीच काय, ड्रायव्हरसुद्धा दचकून उठायचे. शिवाय गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा, म्हणजे बाबांच्या पश्चात दादाचा. तर असा हा दादा गेली दोन-तीन वर्षं हळूहळू विसरायला लागला होता. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवलो की नाही ते. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तेव्हा एका ओळखीच्या जोडप्याच्या सोबतीने मी त्याला महिनाभर इकडे आणून घेतला.

त्याची मुलगी केतकी ग्रोनिंगनला शिकते. विषय — जुनी बंदरं. म्हणजे बंदरं कशी बांधली, कशी गाळाने भरली, लोक तिथून कुठे गेले, असलं सगळं. परीक्षा झाल्यावर तिला दोन दिवस मोकळे मिळाले आणि तिने फोनवर फर्मान काढलं की आपण तिघांनी एन्कहाउझनला जायचं. मी म्हटलं, अगं, लोक पाहुण्यांना अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे दाखवतात, तू त्या टोकाच्या गावात काय दाखवणार? तर ती म्हणाली, “आत्या, मी काय शिकते ते बाबांना एकदा दाखवायचंय. त्यांना कळतंय तोवर.”

मी धपाटे लाटायला घेतले.

एन्कहाउझन म्हणजे रेल्वे संपते ते गाव. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर थेट बंदर. जुनी शिडाची जहाजं ओळीने बांधलेली, एका बाजूला ड्रोमेडारिस नावाचा गोल, बुटका, जाडजूड बुरूज, त्यात घंटा, आणि मागे विटांची अरुंद घरं — काही इतकी कललेली की शेजारणीच्या कानात काही सांगतायत असं वाटावं. इतकं जुनं, इतकं नीटनेटकं, आणि नोव्हेंबर असल्यामुळे इतकं रिकामं. आमच्याखेरीज हौसेने फिरायला आलेलं कुणीच नव्हतं.

दादा त्या दिवशी फॉर्मात होता. गाडीत प्रत्येक स्टेशन त्याने पुकारलं. “होऽऽर्न. होर्न थांबा. उतरणाऱ्यांनी आधी उतरून घ्यावे.” त्याच्या आवाजात असा काही अधिकार की समोरचा एक डच गृहस्थ खरोखरच बॅग घेऊन उभा राहिला, मग पाटी बघून पुन्हा बसला. केतकी लाजेने खिडकीला नाक लावून बसली होती, पण खांदे हलत होते तिचे.

गावात मात्र ती एकदम मास्तरीण झाली. हे चर्च, ही मिऱ्यांची वखार, हा बुरूज, इथून डच व्यापारी कंपनीची जहाजं आशियाला निघायची. दादाचा हात धरून तिने त्याला सांगितलं की याच कंपनीची आपल्या वेंगुर्ल्यातही वखार होती, ती पडकी इमारत तुम्ही मला लहानपणी दाखवलीत ना, तीच. दादाने मान डोलावली. मग ती म्हणाली की बाबा, हा पूर्वी समुद्र होता, बांध घालून अडवला, आता हे गोडं पाणी आहे. दादाने पाण्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “आणि मग खार खंय गेली?” केतकी म्हणाली की हा प्रश्न माझ्या परीक्षेत कुणी विचारला नाही हे नशीब.

दुपार कलायला लागली तेव्हा धुकं आलं. इथे राहणाऱ्यांना मी काय सांगू... ते आकाशातून उतरत नाही, पाण्यावरून चालत येतं. आम्ही बंदरातल्या मासळीच्या टपरीपाशी होतो. मी आत डोकं घालून तळलेल्या माशावर काही तिखट मिळेल का याची डचमध्ये वाटाघाट करत होते. केतकी बुरुजाच्या घंटा वाजायला लागल्या म्हणून फोन घेऊन पुढे गेली होती. मी मासे घेऊन वळले तर बुरुजाचं वरचं अर्धं अंग नाहीसं झालेलं. केतकी धुक्यातून परत आली. एकटी.

तिने माझ्यामागे पाहिलं, मी तिच्यामागे पाहिलं.

“बाबा तुझ्याबरोबर आहेत ना?” केतकीने विचारलं.

मी समजत होते तिच्याबरोबर आहेत. ती समजत होती माझ्याबरोबर. तुमच्यापैकी ज्यांनी लग्नाच्या गर्दीत पोर हरवलंय त्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. फक्त इथे पोर सहासष्ट वर्षांचं होतं, त्याचा फोन केतकीच्या पर्समध्ये होता, कारण सकाळपासून तो खिशातून काढून “हो कोणाचो?” म्हणून विचारत होता. आणि इथल्या धक्क्यांना कठडे नसतात. डच लोकांचा एकमेकांवर फार विश्वास. दगड संपला की पाणी, काळं आणि थंडगार.

आम्ही हाका मारल्या. “दादाऽ”, “बाबाऽ”. माझा तो प्रसिद्ध आवाज धुक्यात असा शिरायचा जसं काही कापसाच्या गादीत बुक्की मारावी. केतकीने ११२ लावला. पोलिसांनी सगळं शांतपणे विचारून घेतलं, कपडे काय, उंची किती, भाषा कुठली, गाडी पाठवतो म्हणाले, आणि ओळखीच्या एखाद्या जागी बघून तिथेच थांबा म्हणाले. केतकी म्हणाली की बाबा स्टेशनवरच जाणार, जन्म स्टँडवर काढलेला माणूस दुसरीकडे कुठे जाईल? अगदी पटण्यासारखं होतं. आम्ही धावत स्टेशनवर गेलो. प्लॅटफॉर्म रिकामा. आमच्या डोळ्यांदेखत एक गाडी दारं मिटून निघून गेली, आणि तो त्यात आहे की नाही हेही आम्हाला दिसलं नाही.

केतकी स्टेशनबाहेरच्या बाकावर बसली. दिवसभर आम्हाला शहर शिकवणारी ती पोर एकदम दहा वर्षांची दिसायला लागली. म्हणाली, “आत्या, हट्ट माझा होता. आईला मी काय सांगू?”

आता जे मी केलं ते का केलं, हे मला कुणी विचारू नका. पोलीस येतायत, थांबा, असं सांगितलेलं होतं. पण माझा भाऊ पाण्याच्या काठाने फिरतोय आणि मी हातात तळलेले मासे धरून उभी आहे, हे चित्र मला सोसेना. मी मासे केतकीच्या मांडीवर ठेवले आणि चपला — बूट काढले.

गाऱ्हाणं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे कोकणात देवाकडे मागणं असलं की मानकरी देवासमोर उभा राहून ते मोठ्याने, खणखणीत आवाजात मांडतो. जसं कोर्टात मांडतात तसं. मी कोण, कुठला, काय झालंय, काय पाहिजे, बदल्यात काय देईन. प्रत्येक वाक्याला जमलेलं गाव एका सुरात म्हणतं — व्हय म्हाराजा. हे व्हय म्हाराजा आलं नाही तर गाऱ्हाणं पोचलं नाही. आणि हे पुरुषांनी घालायचं. बायकांनी लांबून हात जोडायचे. मी लहानपणी गोठ्यात वासरांना उभं करून हुबेहूब बाबांच्या आवाजात गाऱ्हाणं घालायची. वासरं बिचारी व्हय म्हाराजासारखं काहीतरी म्हणायचीही. एकदा दादाने पकडलं आणि सुनावलं की हे चेडवांचं काम नाही, पुन्हा तोंडातून काढलंस तर बघ. त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी ते तोंडातून काढलं नव्हतं. मनातून काढायचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली पंचाईत, मंडळी, ही की हाक मारायची कुणाला? आमच्या रवळनाथाला इथे बोलावून चालत नाही. प्रत्येक गावाची शीव असते, शिवेचा राखणदार असतो, आणि परक्या गावात तिथल्याच मालकाला विचारायचं असतं. आता एन्कहाउझनच्या राखणदाराचं नाव कुठल्या गाइडबुकात छापलंय? मग मला आठवलं की आमचे बाबा परगावी गेले की “जो कोण असशीत तो” असं म्हणून सुरुवात करत. मी बंदराकडे तोंड केलं, मोज्यांवर उभी राहिले, हात जोडले आणि पोटातून आवाज काढला.

“बा देवा म्हाराजा! ह्या गावाचो जो कोण राखणदार असशीत, तुझा नाव माका ठावक नाय रे म्हाराजा!”

मी केतकीकडे पाहिलं. पुण्यात कॉलेज केलेली, ग्रोनिंगनला शिकणारी मुलगी. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

“मी वेंगुर्ल्याकडचा चेडू, आज तुझ्या शिवेत इलंय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” केतकी म्हणाली. आणि तिच्या मागोमाग, थोडं मागे पडून, आणखी कुणीतरी.

मला वाटलं प्रतिध्वनी. केतकीने झटकन मान वळवली. मी थांबले नाही, कारण गाऱ्हाणं मध्ये थांबवायचं नसतं, एवढं वासरांनाही माहीत होतं.

“माझो थोरलो भाव तुझ्या धुक्यात चुकलो हा. तेका तुझ्या पाण्यापासून लांब ठेव आणि आमच्या हातात परत दी रे म्हाराजा!”

आणि मग आलं... कसं सांगू. तुम्ही कधी जत्रेत गाऱ्हाण्याला उभे राहिला असाल तर तुम्हाला तो आवाज माहीत आहे. एकदम येतो, पण सगळ्यांचा एका क्षणी नाही, थोडा पुढेमागे, छातीतून. त्यात म्हाताऱ्यांचा खरखरीत आवाज असतो, तरुणांचा उगाच मोठा काढलेला असतो. तसाच. पुरुषांचा. पुष्कळ पुरुषांचा.

व्हय म्हाराजा.

स्टेशनकडून नाही. डावीकडून, बंदराच्या तोंडाकडून, जिथे दगडी बांध पाण्यात लांबवर जातो तिथून.

केतकीने माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी तिच्या बोटांचे वळ दिसत होते. “आत्या, हे कोण?”

“विचारू नको. उत्तर देतायत तोवर चालायचं.”

ती म्हणाली की बाबा तिकडे कशाला जातील, पोलिसांनी इथे थांबायला सांगितलंय. मी म्हटलं, तू थांब हवं तर. ती मासे आणि माझे बूट उचलून मागे आली. मी चालत चालत गाऱ्हाणं घालत होते. काय काय म्हटलं ते सगळं आठवत नाही. चुकलंमाकलं पोटात घाल म्हटलं. तुका कोंबडो चलत नसात तर मासो देतंय, मासो नको तर बाटली देतंय म्हटलं. प्रत्येक वेळी उत्तर यायचं, आणि प्रत्येक वेळी ते थोडं पुढून यायचं, वाट दाखवायला कुणी दोन पावलं पुढे चालावं तसं. एका ठिकाणी मी उजवीकडे वळणार होते, तर उत्तर सरळ समोरून आलं. मी सरळ गेले. नंतर पाहिलं, उजवीकडे धक्का संपत होता.

तेवढ्यात एका जुन्या जहाजाच्या डेकवरून कंदील घेऊन एक बाई उतरल्या. सत्तरीच्या, लोकरीची टोपी, हातात अर्धवट विणलेला मोजा तसाच. नाव हेनी, जहाज त्यांचंच, घरही तेच. केतकीने धापा टाकत सांगितलं की वडील हरवलेत. त्यांनी एक शब्द न विचारता कंदील उंच धरला आणि आमच्यापुढे चालू लागल्या. मी आणखी एक हाक दिली. या वेळी त्या उत्तरात, अगदी शेवटी, एक आवाज असा होता की माझे पाय तिथेच थांबले.

गाड्या पुकारणारा आवाज.

दादा बांधाच्या टोकाला, दिव्याच्या खांबाखाली, एका दगडावर बसला होता. पाठ ताठ, हात जोडलेले, देवळात बसतो तसा. त्याच्या बुटांपासून पाणी... जाऊ दे, ते मी वहिनींनाही सांगितलेलं नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं. तो बांध इतका अरुंद की जाणारा माणूस आम्हाला घासूनच गेला असता. केतकीने धावत जाऊन त्याच्या गळ्यात हात टाकले आणि ती रडायला लागली. दादा तिच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर गोंधळ नाही, भीती नाही. दोन-तीन वर्षांत असे स्वच्छ डोळे मी पाहिले नव्हते त्याचे.

“गाऱ्हाणा कोणी घातला?”

मी म्हटलं, मी. आणि खरं सांगते, चोपन्नाव्या वर्षी मी एक पाऊल मागे सरले, आता हा रागावणार म्हणून.

“चांगला घातलंस,” दादा म्हणाला. “मंडळींक पोचला.”

मी विचारलं, कसली मंडळी, दादा? तो म्हणाला, दर्यावरची. मी पुढे जात होतो, तर ती मंडळी म्हणाली, बस हय, तुझ्या घरचा कोणतरी साद घालीत, तोवर उठा नको. मग तो उठला, डावीकडे हात जोडले, उजवीकडे हात जोडले, सभेतून निघताना जोडतो तसे, आणि केतकीला म्हणाला, चल, गाडी लागली असेल.

आता हेनीबाई. त्यांनी कंदील खाली ठेवला, बांधाच्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि मला डचमध्ये विचारलं, “आणि तुमचे बाकीचे लोक कुठे आहेत?” मी म्हटलं, आम्ही तिघंच आहोत. त्या म्हणाल्या, नाही, पुरुषांचा मोठा घोळका होता, मी चहा करत होते तेव्हापासून ऐकतेय, मला वाटलं कुठलं तरी खलाशांचं गाणारं मंडळ आलंय. इथल्या बंदरांत तशी मंडळं असतात, म्हातारे लोक जमून दर्याची गाणी म्हणतात. मी म्हटलं, मंडळ नव्हतं. त्यांनी कंदील उचलला. मी या बंदरात आयुष्य काढलंय, धुक्यात आवाज फसवतो, एवढं म्हणाल्या, आणि मग स्वतःशीच मान हलवली, जणू हे उत्तर त्यांनाच पटलं नव्हतं.

पोलीसही आले, दोन तरुण, अतिशय सभ्य. दादाला तपासलं, ब्लँकेट दिलं. त्यातल्या एकाने वहीवरून मान वर करून विचारलं की बांधावर बरेच पुरुष मोठ्याने ओरडतायत असा काठावरच्या एका घरातून फोन आला होता, ते कुठे गेले? केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला माझ्या सर्वोत्तम डचमध्ये सांगितलं की ती माझी फॅमिली होती आणि ती घरी गेली. त्याने ते लिहून घेतलं. काय लिहिलं असेल देव जाणे.

नवस लगेच फेडायचा असतो. हेनीबाईंच्या जहाजात आम्हाला चहा मिळाला, दादाने विणकामाची तारीफ केली, आणि मी भीतभीत विचारलं की घरात एखादी बाटली आहे का, मला एकाला शब्द दिलाय. का, कुणाला, असलं काही नाही. त्यांनी कपाटातून येनेव्हरची, म्हणजे इथल्या कडक दारूची बाटली काढली. आम्ही दोघी डेकवर गेलो. अर्धा ग्लास मी पाण्यात ओतला, थंड झालेले मासेही सोडले. उरलेला अर्धा? अहो, प्रसाद टाकून द्यायचा असतो का कधी? हेनीबाईंनी स्वतःसाठीही एक भरला. आम्ही दोघी त्या धुक्यासमोर उभ्या राहून प्यालो, आणि सांगते, कुठलाही पुरस्कार घेताना कुठल्याही नटीला वाटलं नसेल असं मला त्या वेळी वाटत होतं. मोज्यांचे तळवे भिजलेले, नाक लाल, आणि माझा भाऊ खाली केबिनमध्ये माझ्या भाचीला पुढच्या स्टेशनांची नावं सांगतोय.

स्पष्टीकरणं मी सगळी ऐकली आहेत. नवरा म्हणतो, पाणी, धुकं आणि विटांच्या भिंती, आवाज फिरून येतो. मी म्हटलं, माझा आवाज पुरुषाचा होऊन येतो? आणि मी ‘रे म्हाराजा’ म्हणते, तो ‘व्हय’ कुठून आणतो? तो म्हणाला, दादाच उत्तर देत असणार. एका दादाचे इतके आवाज? मग तो म्हणाला, स्ट्रेस. हा आजकालचा नवा देवचार म्हणजे भूतच आहे, सगळ्याला कारण हाच. केतकीने तिच्या पद्धतीने शोध घेतला. त्या दिवशी बंदरात कुठलंही गाणारं मंडळ नव्हतं, कार्यक्रम नव्हता, हे तिने विचारून पक्कं केलं. पुढे ती काही म्हणत नाही. फक्त आत्या, माझं नाव खरं लिहू नको, माझ्या सरांपर्यंत जाईल, एवढं म्हणाली. म्हणून बदललंय. दादाला विचारलं तर तो आता म्हणतो, एन्कहाउझन? हां, चांगला स्टँड आहे.

मार्चमध्ये शिमग्याला मी गावी गेले. मान दादाचा, त्यामुळे गाऱ्हाणं तोच घालणार होता. वहिनी आदल्या दिवसापासून काळजीत होत्या. होळीपुढे सगळं गाव जमलं, दादा नवं धोतर नेसून उभा राहिला, आवाज लावला — पहिलं वाक्य खणखणीत आलं, गावाने उत्तर दिलं. दुसऱ्या वाक्याला तो थांबला. तोंड उघडं, आणि त्यात काहीच नाही. कुणीतरी खाकरलं. मी बायकांच्या बाजूला होते. दादाची नजर माणसांवरून फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली. त्याने हात पुढे केला. गर्दीतून मला पुढे यायला बोलावतात तसा.

मी गेले. मागे कुजबुज सुरू झाली होती, एक काका स्पष्ट म्हणाले की हे कसलं नवीन. मी दादाशेजारी उभी राहिले, त्याचा हात माझ्या हातात, आणि तो जिथे थांबला होता तिथून पुढे उचललं. वाक्य संपलं. क्षणभर कुणीच बोलेना. मग माझ्या शेजारून, एसटी स्टँड दणाणून सोडणाऱ्या आवाजात दादा म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

मानकऱ्याने म्हटल्यावर गावाला म्हणावंच लागतं. ते काका सगळ्यांत शेवटी म्हणाले, पण म्हणाले. मी गाऱ्हाणं पुरं घातलं, एक शब्द न चुकता. पोरं ओरडत होती, ढोल वाजायला लागले, वहिनी डोळे पुसत होत्या, आणि दादा माझ्याकडे असा बघत होता जसं काही मला हे त्यानेच शिकवलं.

त्या दिवशी बांधावर कोण होतं, हे मला आजही माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर खाली जरूर लिहा, पण कृपा करून ‘स्ट्रेस’ लिहू नका. मी फक्त दोन्ही आवाज ऐकलेली बाई म्हणून एवढं सांगते — आमचं गाव मोठं आहे, शिमग्याला मुंबईकरही आले होते, आणि सगळ्यांनी अगदी पोटातून व्हय म्हाराजा म्हटलं. पण एन्कहाउझनला माणसं जास्त होती.